सत्तावीस डावे बूट

शाळेच्या कागदांवर तिला चांगलं तीन शब्दांचं नाव होतं. पण बावीस वर्षांत ते कुणाच्या तोंडी बसलं नाही. पोरं तिला बूटमावशी म्हणायची. पोरांचं ऐकून त्यांच्या आया म्हणायला लागल्या, आणि शेवटी हेडसरसुद्धा जिन्यावरून हाक मारायचे, "अहो बूटमावशी, घंटा!"

हुद्दा शिपायाचा. सकाळी कुलपं काढायची, वर्ग झाडायचे, टाकीवर झाकण आहे का बघायचं, घंटा द्यायची. साडेचारला शेवटची घंटा दिली की तिची नोकरी संपायची आणि काम सुरू व्हायचं.

शाळेच्या पाठीला पाठ लावून मोज्यांचा कारखाना. वस्तीतल्या निम्म्या बाया तिथं. त्यांची दुसरी पाळी सुटायची सातला आणि शाळा सुटायची साडेचारला. मधले अडीच तास ना शाळेचे, ना कारखान्याचे. त्या अडीच तासांत पोरं फाटकाशी बसून राहायची, धुण्याच्या दोरीवर विसरलेल्या कपड्यांसारखी.

बावीस वर्षांपूर्वी त्यांतलंच एक पोरगं, पहिलीतलं, फाटकाशी बसलं होतं. कारखान्यातल्या सगळ्या बायांना एकसारखा निळा कोट, गुडघ्यापर्यंत लांब, मागं पट्टा. लांबून बघितलं तर प्रत्येक बाई प्रत्येकाची आई. पोरानं कोपऱ्यावर एक निळा कोट वळताना पाहिला आणि आई म्हणून मागं धावत सुटलं. बूटमावशी तेव्हा फाटकातला पाचोळा झाडत होती. पोर पळताना तिनं बघितलं होतं. पोरगं आईकडं पळतंय असं वाटून ती हसलीही होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ते पलीकडच्या वस्तीत पाण्याच्या नळापाशी सापडलं, रडून रडून घसा बसलेलं. जीव वाचला, पण पुढं वर्षभर पोरगं एक शब्द बोललं नाही. ते पाचोळा झाडतानाचं हसू मावशीला आजतागायत पचलेलं नाही.

तिसऱ्या दिवशी तिनं जिन्याखालची अडगळीची खोली उघडली. मोडकी बाकं एका भिंतीला रचली, जमिनीवर पोती अंथरली आणि फाटकाशी बसलेल्या अकरा पोरांना आत घेतलं. आत घेताना प्रत्येकाचा डावा बूट काढून घेतला.

"एका बुटावर पोर लांब जात नाही," ती सांगायची. "आणि गेलंच, तर रस्त्यावरचा कुणीतरी विचारतोच, अरे तुझा दुसरा बूट कुठाय? दोन्ही बूट असलेल्या पोराला कुणी काही विचारत नाही."

बूट ठेवायला तिला शिक्षकांची पत्रं ठेवायचं जुनं लाकडी कपाट मिळालं. तीस खण, प्रत्येक पोराला एक. नियम असा की बूट पोराच्या हातात जायचा नाही. न्यायला आलेल्या मोठ्या माणसानं खणातून आपल्या पोराचा बूट काढायचा, स्वतःच्या हातानं पोराच्या पायात घालायचा, मगच पोर उंबऱ्याबाहेर. ज्याला आपल्या पोराचा बूट ओळखता येत नाही, त्याला पोर मिळायचं नाही.

एकदा एका पोराचा बाप आला. जन्मात पहिल्यांदाच. कपाटासमोर घाम पुसत उभा राहिला, दोनदा चुकीच्या खणात हात घातला. त्याचं पोर आतून "बाबा, बाबा" म्हणून ओरडत होतं, तरी मावशी हलली नाही.

"अहो, पोरगं मला बाबा म्हणतंय की!" तो म्हणाला.

"पोरगं चुकतं कधी कधी. जा, घरी जाऊन बायकोला विचारून या."

गेला बिचारा. परत आला तो बायकोलाच घेऊन. तेव्हापासून बापलोक आपल्या पोरांचे बूट नीट बघून ठेवायला लागले.

वर्गात पोरं एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा घालून फिरायची. मोजे सगळे कारखान्यातून नापास झालेले. कुणाची टाच वर चढलेली, कुणाचा अंगठा तिरका. शिक्षक या प्रकाराला लंगडा वर्ग म्हणून हसायचे. मावशीला शिकवता यायचं नाही. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. चौथीतली पोरं दुसरीतल्यांचे पाढे घ्यायची, दुसरीतली पहिलीतल्यांची अक्षरं गिरवून घ्यायची, आणि मावशी सगळ्यांची तुटलेली बटणं लावत दारात बसायची. सवासात वाजता शेवटचं पोर गेलं की ती प्रत्येक खणात हात फिरवायची. कपाट रिकामं आहे हे डोळ्यांना दिसत असायचं, तरी हात फिरवल्याशिवाय कुलूप नाही.

शेवटचा बूट हल्ली नेहमी मुंगीचा असायचा. मुंगी पाच वर्षांची, पहिलीतली. बोलणं कमी, चालणं जास्त. तिची आई पॅकिंगला होती, पेट्यांना सील लावून झाल्याशिवाय तिला निघता येत नसे, म्हणून सवासात व्हायचेच. घरात त्या दोघीच. मुंगीची एक खोड अशी की निळा कोट दिसला की तिचे पाय आपोआप सुटायचे. दिवसातून चारदा ती एका बुटावर उंबऱ्यापर्यंत जायची आणि मावशीच्या गुडघ्याला अडून परत फिरायची. तिचा बूट तपकिरी, टाच झिजलेला, तिसऱ्या ओळीतला दुसरा खण.

त्या वर्षी शाळेला संगणक मिळायचं ठरलं आणि हेडसरांची नजर जिन्याखालच्या खोलीवर गेली.

"मावशी, तुमचा हा सगळा तोंडी कारभार," ते म्हणाले. "कागद कुठं आहे याला? सातपर्यंत शाळा उघडी ठेवायला मलाच परवानगी नाही. उद्या कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"बावीस वर्षांत कुणी विचारलं नाही सर."

"म्हणूनच भीती वाटते हो. आता विचारतील."

बोलले ते सौम्यपणानंच. पण सत्र संपलं की खोली जाणार, हे त्यात आलं. त्या दिवसापासून मावशीच्या डोक्यात एकच गोष्ट: सातपर्यंत थांबणारी पोरं जाणार कुठं?

अशात फाइलवाली बाई आली. शाळा सुटल्यावर मुलांना सांभाळणाऱ्यांचा दर वर्षी गौरव करणारी एक संस्था होती, तिची ती संयोजक. तिशीतली, छातीशी कायम एक जाड फाइल. मनानं चांगली होती, हे आधीच सांगितलेलं बरं. ती खोलीत पोत्यावर मांडी घालून बसली, पोरांनी दिलेलं पाणी प्यायली आणि विचारलं, "मावशी, तुमची कार्यपद्धती काय?"

"म्हणजे?"

"म्हणजे, काम कसं करता?"

"डावा बूट काढून घेते."

बाई हसली. मावशी हसली नाही. मग बाईनं लिहून घेतलं.

"आणि मुलांना काय देता तुम्ही? संस्कार, आत्मविश्वास..."

"मी काही देत नाही बाई. आयांनी दिलेलं परत देते. त्याच संध्याकाळी, तेवढंच्या तेवढं."

हे वाक्य बाईला इतकं आवडलं की तिनं ते दोनदा वाचून दाखवलं. महिन्याभरानं पत्र आलं. यंदाचा गौरव बूटमावशीला. समारंभ शाळेच्याच सभागृहात, मोठे पाहुणे, संस्थेचे अध्यक्ष, फोटो.

घरी मावशीचा नवरा होता. त्याच मोज्यांच्या कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं पहारा करून घरी बसलेला. एका कानानं बहिरा, पण तोंडानं धड. त्यानं पत्र डोळ्यांजवळ नेऊन पूर्ण वाचलं.

"बकऱ्याला हिरवा पाला कधी दाखवतात, ठाऊक आहे ना?" तो म्हणाला.

"तुमचं तोंड म्हणजे ना! माणसं मान देतायत."

"देऊ दे की. एवढा मान देतात म्हणजे काहीतरी काढून घेणार. नुसता मान कुणाला परवडतो?"

"मला मान नकोच आहे. मला खोली हवी."

"मग खोली माग. मान परत कर."

तेच तिनं ठरवलं होतं. हेडसरांनीच सुचवलं होतं म्हणा ना. "तुम्हाला दोन शब्द बोलायला मिळणार, मावशी. अध्यक्षांपुढं खोलीचं मागून घ्या. चारचौघांत ते हो म्हणाले की मी कोण नाही म्हणणारा?" सरांच्या मनात खरंच तसं होतं की आपल्या अंगावरचं अध्यक्षांच्या अंगावर ढकलायचं होतं, देव जाणे. मावशीनं चौथीतल्या एका मुलीकडून एक वाक्य लिहून घेतलं आणि आठ दिवस झाडू मारताना पाठ केलं: "शेवटचं मूल घरी जाईपर्यंत ही खोली उघडी राहील, असं मला लिहून द्या." एकच वाक्य. त्याच्यापुढं आभार नाहीत, मागं नमस्कार नाही.

समारंभाच्या दिवशी फाइलवाली तीनलाच हजर. साडेपाचला कार्यक्रम. तिनं पहिल्या पाळीच्या पंधरा बायांना सांगून ठेवलं होतं की कामावरचे कोट घालूनच या.

"निळे कोट नकोत बाई," मावशी म्हणाली. "पोरं घोटाळतात."

"अहो मावशी, तोच तर फोटो आहे! कष्टकरी आया आणि त्यांची मुलं."

"या सगळ्या आया या पोरांच्या नाहीत. या पोरांच्या आया आत्ता मशीनवर आहेत."

"फोटोत ते कुठं कळणार आहे?"

 साडेचारला शाळा सुटून पोरं खोलीत आली, तशी बाईची नजर त्यांच्या पायांकडं गेली. सत्तावीस पोरं, एकेका बुटावर.

"हे मात्र चालणार नाही हं. पाहुण्यांपुढं मुलं लंगडत येणार? कुणाला वाटेल, शिक्षा केलीय."

"बूट आईच्या हातानं निघतो. आधी निघत नाही."

"एक तासाचा प्रश्न आहे, मावशी. आणि आम्ही सगळे आहोत ना!"

मावशीच्या डोळ्यांपुढं ते एक वाक्य होतं. आज रुसवेफुगवे नकोत, आज मागायचं आहे. तिनं मान हलवली. एवढीच तिची चूक, आणि ती पुढं कधीच तिनं दुसऱ्या कुणाच्या डोक्यावर ठेवली नाही.

फाइलवाली स्वतः जमिनीवर बसली. भारी कपडे मळू दिले, पण सत्तावीस पोरांच्या पायांत डावे बूट घातले, लेसा ओढून दुहेरी गाठी मारल्या. मुंगीच्या बुटाची टाच बघून "अरेरे" म्हणाली आणि रुमालानं तो पुसलाही. मागं कपाट रिकामं राहिलं. इतक्या लवकर ते रिकामं मावशीनं बावीस वर्षांत पाहिलं नव्हतं. एखाद्याचे दात काढल्यावर तोंड दिसावं तसं दिसलं तिला.

व्यासपीठावर तिला अध्यक्षांच्या शेजारची खुर्ची. पाय कुठं ठेवायचे कळेना. समोर सतरंजीवर पोरं, त्यांच्यामागं खुर्च्यांवर बोलावलेले लोक, आणि शेवटी दाराच्या दोन्ही बाजूंनी पंधरा निळे कोट उभे. मावशीनं पोरांची डोकी मोजली. सत्तावीस.

पाहुणे बोलले. अध्यक्ष बोलले. अध्यक्षांनी त्यांच्या स्वतःच्या बालपणाचं बरंच सांगितलं. सहा वाजत आले तशी मागच्या बायांची चुळबूळ सुरू झाली. त्यांना घरी जाऊन चूल बघायची होती. एक कोट निघाला, मग दोन, मग चार. फोटो तर काढून झाले होते.

हेडसर मानपत्र वाचायला उठले. "या माउलीनं बावीस वर्षांत एकही मूल..." इथं ते नेमके थांबले, चष्मा नीट केला, "...एकही मूल हरवू दिलं नाही!"

टाळ्या पडल्या. त्याच टाळ्यांत मुंगीनं मान वळवून मागं बघितलं. मावशीनं ते पाहिलं. मुंगी उठली. दोन्ही पायांवर, सरळ. खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं दाराकडं निघाली. तिच्यापुढं एक निळा कोट दाराबाहेर पडत होता.

मावशी अर्धी उठली.

"बसा, बसा," हेडसर हळूच म्हणाले. "आता तुमचंच आहे."

पडद्याआडून फाइलवालीनंही हातानं खूण केली, बसा. मावशीनं दाराकडं बघितलं. दाराशी शाळेचा चौकीदार होता, दोन शिक्षक होते, संस्थेचे लोक होते. एवढी माणसं आहेत, कुणीतरी धरेल. आता दोन मिनिटांत आपलं वाक्य. ती बसली.

दाराशी खरंच पाच माणसं होती. त्यांनी पोर पाहिलंही. निळ्या कोटामागं चाललेली, बूट नीट बांधलेली पोर. कुणी काही विचारलं नाही.

मग तिला काचेचं सन्मानचिन्ह दिलं. वीटभर वजनाचं, आत सोनेरी अक्षरं. फोटो झाला. एक हात अध्यक्षांच्या हातात आणि दुसऱ्यात ती काच, अशा अवस्थेत ती माईककडं वळली, तोच हेडसरांनी माईक उचलला. "वेळेअभावी मावशींचं मनोगत आपण त्यांच्या चेहऱ्यावरच वाचू या! बाहेर चहाची व्यवस्था आहे."

लोक हसले, उठले. वाक्य घशातच राहिलं.

ती खाली उतरली आणि पोरं मोजली. सव्वीस. परत मोजली. काच काखेत धरून जिन्याखाली धावली. कपाटासमोर उभी राहिली आणि तिला कळलं की आता कपाट काहीच सांगणार नाही. रोज त्यातला एक बूट सांगायचा, एक पोर राहिलंय. आज तीसच्या तीस खण रिकामे. सभागृहातली पोरं आणि हरवलेलं पोर, सगळ्यांचे खण सारखेच.

मुंगी निळ्या कोटामागं गेली हे मावशीनं सांगितलं, तरी शोधाशोध आधी शाळेतच सुरू झाली. संडास, टाकी, गच्ची, बाकांच्या खाली. फाइलवाली रस्त्यावर धावत सुटली, तिच्या फाइलीतले कागद जिन्यावर पसरले. ते कुणी उचलले नाहीत. पाहुणे चहा घेऊन गेले. अध्यक्षांना कळू नये म्हणून हेडसर त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेले आणि तिथंच दहा मिनिटं बोलत राहिले.

सात वाजता एकेक आई येऊ लागली. सवासातला मुंगीची आई आली. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. ती नेहमीसारखी तडक कपाटाशी गेली, तिसऱ्या ओळीतल्या दुसऱ्या खणात हात घातला. हात रिकामा आला. तिनं परत घातला, पार आतपर्यंत.

"मावशी, बूट कुठाय?"

पोर कुठाय, असं तिनं विचारलंच नाही.  काखेतली काच मावशीनं बाकावर ठेवली, तिचा आवाज तेवढा झाला.

"बूट कुठाय म्हणते मी!"

"पायात आहे," मावशी म्हणाली. "दोन्ही पायांत आहे."

मुंगीच्या आईला सगळं तेवढ्यात कळलं. ती ओरडली नाही, रडली नाही. दाराबाहेर पडता पडता म्हणाली, "मी पोर तुमच्याकडं दिली होती, मावशी. स्टेजकडं नव्हती दिली."

मुंगी आठच्या सुमाराला मिळाली. समारंभाच्या बायांना घरी सोडून आलेल्या कारखान्याच्या बसमध्ये, पलीकडच्या आगारात, मागच्या बाकावर झोपलेली. गाडी झाडायला चढलेल्या ड्रायव्हरला दिसली. पोर आणून देताना तो स्वतःच गोंधळला होता. "चढताना मी बघितली होती की. निळ्या कोटवाल्या बाईच्या मागं चढली, बूटबीट नीट, लेसा बांधलेल्या. म्हटलं, कुणाची तरी आहे."

आईनं पोर उचलली, निघून गेली. मावशीकडं वळूनही पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. मावशी, अध्यक्ष, काच, मागं निळे कोट. पोर हरवल्याचं कुठं काही नव्हतं. नवऱ्यानं फोटो बघून घडी घातली आणि ती उशीखाली ठेवली. बकऱ्याचं काही बोलला नाही. त्या दिवशी तो काहीच बोलला नाही, एवढी दया त्यानं बायकोवर जन्मात पहिल्यांदाच दाखवली असेल.

शाळेनं मात्र चौकशी लावली. बाहेर बोभाटा होऊ नये म्हणून घरच्या घरीच. हेडसर, शाळेच्या कमिटीतले दोघं, आणि समोर मावशी.

"मुलांची हजेरी कुठं आहे?"

"कपाट होतं."

"कपाट म्हणजे हजेरी नव्हे. त्या वेळी मुलांची जबाबदारी कुणाची होती?"

"माझी."

"आणि तुम्ही कुठं होता?"

"तुमच्याशेजारी," मावशी म्हणाली. "खुर्चीवर. उठत होते, तर तुम्ही बसा म्हणालात."

हेडसरांनी पाण्याचा ग्लास सरकवला. तो कुणाकडं सरकवला तेच कळलं नाही, मधेच राहिला. अहवालात असं लिहिलं गेलं: घटनेच्या वेळी वर्गाची प्रभारी व्यक्ती आपल्या जागेवर नव्हती.

खोलीची किल्ली काढून घेतली. संगणक वरच्या मजल्यावर गेले, कारण खाली ओल निघाली. खोलीला निळा रंग लागला, दारावर पाटी लागली, 'उमलती संध्याकाळ'. गौरवाच्याच निमित्तानं संस्थेनं तो उपक्रम शाळेला दिला होता. दोन शिकलेल्या बाया, गळ्यात ओळखपत्रं, पोरांच्या गळ्यात कार्डं, सहीचं रजिस्टर. वेळ साडेचार ते सहा. पालकांनी मुलांना वेळेत न्यावे, असं खाली लिहिलेलं. डाव्या बुटांचं कपाट गच्चीवर गेलं.

पहिल्याच दिवशी सहा वाजता चौदा पोरं फाटकाबाहेर आली. त्यांच्या आया सातला सुटणार होत्या. कार्डं गळ्यात, बूट पायात, पोरं कारखान्याच्या भिंतीला टेकून बसली. मावशी त्यांच्याजवळ जाऊन बसली, तर चौकीदार आला. खाली मान घालून म्हणाला, "मावशी, मला सांगायला लावलंय. तुमच्यावर चौकशी आहे. तुम्ही पोरं गोळा करायची नाहीत."

"मी गोळा नाही केली. ती बाहेर टाकलेली आहेत."

"मला काय करायचंय हो त्याच्याशी? उठा ना, नोकरीचं बघा."

ती उठली. तो मात्र तिथंच उभा राहिला, थोडा वेळ. मग त्याची पाळी संपली.

फाइलवाली एकदा मावशीच्या घरी आली. तिनं संस्थेला तीन पत्रं लिहिली होती, उत्तर आलं नव्हतं. बोलता बोलता रडली. मावशीनं तिला पाणी दिलं. "लेसा फार चांगल्या बांधल्या होत्या तुम्ही," ती म्हणाली. टोमणा नव्हता तो. पण बाईला तो उभ्या जन्माला पुरला असेल. काच समोरच्या फळीवर होती. जाताना बाईनं ती बघायची टाळली.

मुंगीच्या आईनं पोरीचं नाव 'उमलती संध्याकाळ'मध्ये घातलंच नाही. शेजारची पाचवीतली मुलगी साडेचारला मुंगीला घरी सोडायची आणि बाहेरून कडी घालून खेळायला जायची. साडेचार ते सवासात पोर कडीच्या आत. हे मावशीला कळलं तेव्हा तिनं दोन दिवस जाऊ की नको करण्यात घालवले. तिसऱ्या दिवशी घंटा दिली, झाडू ठेवला आणि गेली.

एका खोलीचं घर, गल्लीच्या टोकाला. दाराला बाहेरून कडी, शेजारी गज लावलेली छोटी खिडकी. कडी मावशीच्या हाताच्या अंतरावर होती. पण ती घालायची आणि काढायची ती आईनं. मावशीनं तिला हात लावला नाही. पायरीवर बसली आणि पिशवीतून बटणाचं काम काढलं.

थोड्या वेळानं खिडकीत दोन डोळे आले.  मुंगी खाली वाकली, खुडबूड केली, आणि गजांमधून एक छोटा तपकिरी बूट बाहेर आला. डावा. टाच झिजलेला.

मावशीनं तो घेतला. मांडीवर ठेवला.

सवासातला गल्लीच्या तोंडाशी निळा कोट दिसला. मावशीनं निरखून बघितलं, चालीवरून ओळखलं, मगच मान खाली घातली. मुंगीची आई पायरीशी येऊन थांबली.  बोलायचं ते एकच वाक्य होतं आणि ते दुसरीकडंच राहून गेलं होतं. मावशीनं बूट पुढं केला.

आईनं बराच वेळ बुटाकडं बघितलं. मग तो मावशीच्या हातातून घेतला, टाचेवर अंगठा फिरवला, कडी काढली, आत गेली. दार लागलं. या म्हणाली नाही, येऊ नका म्हणाली नाही. आतून कडी पडल्याचा आवाज आला.

मावशीनं सुई पिशवीत खोचली, गुडघ्याला हात लावून उठली आणि घरी निघाली. कारखान्याच्या भिंतीला टेकलेली पोरं वाटेतच होती. तिनं चालता चालता मोजली. पाच राहिली होती. सगळ्यांचे दोन्ही बूट पायात होते.